संघभावनेचे गुण

दाताच्या दवाखान्यात सुतार सुजलेला गाल धरून बसला होता. त्याला तोंड उघडायची सोय नव्हती. शेजारच्या दोन शिक्षिकांची तोंडं मात्र मिटायचं नाव घेत नव्हती.

"पाचजणांच्या गटाने पूल बनवायचा होता ना गं?"

"हो. एकाच पोरीने बनवला, आईस्क्रीमच्या काड्यांचा. वर तीन विटा ठेवल्या, तरी हलला नाही मेला."

"मग?"

"मग काय, तिचे वीस गुण कापले. संघभावना शून्य!"

"बाकीचे चौघं कुठे होते?"

"मैदानावर. पण चौघंही एकत्र होते हं! त्यांना पैकीच्या पैकी दिले."

"बरोबर केलंस. तिला स्पर्धेला पाठवू नकोस."

"छे! पूल जाईल आणि चौघं जातील."

सुतार कण्हला.

"दाढ का हो? फार ठणकतेय वाटतं." एवढं त्याला म्हणून ती पुन्हा मैत्रिणीकडे वळली. "बरं, आपल्या सहकार्य सप्ताहाचा अहवाल कुठवर आला?"

"चित्रकलेच्या बाई लिहितायत, दार लावून एकट्याच. चार माणसांत मिसळणं म्हणून नाही."

"त्या पोरीसारख्याच! आणि समितीतल्या आपण सहाजणी?"

"आपण सगळ्या मिळून सह्या करू."