डावीकडची पेटी

गौतमी: काका, थांबा. तो प्लग भिंतीत घालू नका.

नथ्थू: काऊन? भिंतीतच तं लाइट राह्यते, बाई. तीस वर्षं झाले वडस्यात भोंगे लावून राह्यलो. झाडीपट्टीत असं गाव दाखव, जिथी नाटकाले नथ्थू माइकवाल्याचा अँप्लिफायर नाई वाजला.

गौतमी: तुमचा अँप्लिफायर इथला आहे. हा स्टिरिओ रिसीव्हर परदेशातून आलेला. तो विदेशी इंजिनिअर घुग्घुस सोडून परत गेला, त्याच्याकडून बाबांनी घेतला. याला एकशे दहा व्होल्ट लागतात आणि आपल्या भिंतीत आहेत दोनशे तीस. सरळ लावला असता तर धूर निघाला असता.

नथ्थू: मंग हा लोखंडी डब्बा कायचा? मले वाटलं टीव्हीचा स्टॅबिलायझर आहे. म्हणून बाजूले सारला.

गौतमी: तो ट्रान्सफॉर्मर आहे. डब्याचा प्लग भिंतीत, रिसीव्हरचा प्लग डब्यात. पण ते सगळ्यात शेवटी. बाबांनी वहीत सगळं लिहून ठेवलंय.

आई: वही कायले काढतं, गौतमी? भाऊ मटॅडोर घेऊन आले, स्पीकरच्या पेट्या गाडीत टाकतीन अन् घेऊन जातीन. मीच चिठ्ठी पाठवली होती त्यायले. महिनाअखेरीस खाणीचं क्वार्टर खाली करून द्यायचं आहे. हे झेंगट मी कुठी कुठी नेऊ?

गौतमी: देऊन टाक ना. मी नाही कुठे म्हणते? पण वाजतं आहे की नाही हे पाहिल्याशिवाय बाबांनी कधी कुणाला साधा टॉर्च दिला नाही. हे एकदा वाजवून देऊ. तासाभराचं काम आहे.

नथ्थू: वयनी, पोरगी बापावर, गुणवंतावरच गेली. तोबी असाच, मले माह्या धंद्यातलं शिकवे.

आई: गेलीच आहे. तारा मी ओढून काढल्या, ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी. लोकं यायचे होते, बसाले जागा नोती. तवापासून चादर टाकून आहे.

गौतमी: बाकी काही हलवलंस? बटणं वगैरे?

आई: हात नाई लावला. त्यायचं त्यायलेच ठाऊक.

गौतमी: बरं. पेट्या कुठे ठेवायचे बाबा?

आई: फरशीवर खुणा पाह्य. चार खुर्चीच्या पायायच्या आहेत. खुर्चीच्या डाव्या हाताले पेटीची चौकट आहे. दुसरी पेटी तिकडं, सैपाकघराच्या दाराकडं.

गौतमी: डावीकडची इतकी चिकटून? आणली तेव्हा दोन्ही समोरच्या भिंतीला होत्या. मला मधे बसवलं होतं आणि म्हणाले होते, डोळे मिट आणि सांग तबलजी कुठे बसलाय.

आई: ते पहिले. दोन वर्षं झाले, पेट्या सरकवल्या. खुर्ची खिडकीकडं फिरवली, अन् एक पेटी अशी कानाशी आणून ठेवली. मी इथी दारात बसून तांदूळ निसो, त्यायच्या उजव्या हाताले. दिवसभराचं सांगो. जबाब नाई. हूं नाई का चूं नाई. शेवटचे दोन वर्षं त्यायनं ह्या पेटीसंगं संसार केला, भाऊ. माह्यासंगं नाई.

नथ्थू: असं नका बोलू, वयनी.

आई: काऊन नको? खोटं आहे का?

गौतमी: काका, ही तार धरा. टोक अर्धा इंच सोला, जास्त नको. ऐका, बाबा काय लिहितात: "तांब्याचा एकही केस बाहेर राहू नये. लाल ते लालला, काळं ते काळ्याला. ज्याला घाई असेल त्याने ट्रान्झिस्टर ऐकावा."

नथ्थू: हे मलेच लिहिलं आहे त्यानं, पक्कं.

गौतमी: आणि वहीत हा पुठ्ठा निघाला. "काम चालू आहे. स्विच लावू नये." हा आधी भिंतीवरच्या स्विचला अडकवायचा.

आई: खाणीतला आहे तो. घरातई लावे. मिक्सर दुरुस्त करायचा असला तरी पाटी. दोघंच तं राहो आम्ही घरात. मी कायले लावतो स्विच?

गौतमी: खाणीतल्या इलेक्ट्रिशियनची सवय, आई. डावीकडची तार झाली. आता उजवी. टेपडेकच्या दोन बारीक तारा मागे, जिथे "टेप" लिहिलंय तिथे. यात कॅसेट तशीच आहे.

आई: राहू दे. काढू नको.

गौतमी: नाही काढत. आवाजाचं बटण शून्यावर. काका, आता पाटी काढा आणि स्विच लावा.

नथ्थू: डब्बा गुणगुणून राह्यला, बाई.

गौतमी: गुणगुणू दे, तो तसाच असतो. आता रिसीव्हर. हां, लागला दिवा. एक मिनिट थांबायचं, मग कॅसेट, मग आवाज हळूहळू वर. आली सतार. तबलाही आला.

नथ्थू: वा! काय गोड आहे, यार. माह्या भोंग्यात हेच वाजवलं तं वाटते पत्र्यावर गोटे पडून राह्यले. पण थांब, बाई. ही उजवीकडची पेटी मुकी आहे.

गौतमी: खरंच. काहीच येत नाही.

नथ्थू: मी पह्यलेच सांगतो, उजवी साइड जळली. पेचकस दे, खोलतो.

गौतमी: खोलायचं नाही. आधी बिघाड कुठे आहे ते कळू दे. आवाज शून्य, रिसीव्हर बंद, मग भिंतीतला स्विच. पाटी लावा. आता मी मागे तारांची अदलाबदल करते. डावीची तार उजव्या जागी, उजवीची डाव्या जागी. बिघाड पेटीत असेल तर उजवी मुकीच राहील.

नथ्थू: अन् आतमंदी असला तं?

गौतमी: तर आता डावी मुकी होईल. चला, लावा स्विच.

नथ्थू: उजवी बोलली! डावी बंद पडली, पाह्य.

गौतमी: म्हणजे दोन्ही पेट्या चांगल्या, तारा चांगल्या.

नथ्थू: मंग रोग पोटातच आहे. दे पेचकस.

गौतमी: पोट फाडण्याआधी तोंड पाहू द्या. ह्या बटणावर काळी टेप कुणी चिकटवली?

आई: त्यायनंच. म्हणत, पुसता पुसता हलून जाईन.

गौतमी: हे बॅलन्सचं बटण आहे, काका. आवाज कुठल्या पेटीत किती जावा ते यावर ठरतं. मधे असलं की दोघींना सारखा. बाबांनी ते पार डावीकडे नेऊन चिकटवलंय.

नथ्थू: आमच्या अँप्लिफायरले असलं बटणच नाई. एक माइक, चार भोंगे, चौघायले तोच आवाज. म्हणून मी पाह्यलंच नाई तिकडं.

गौतमी: आणि ह्या खटक्यावरही टेप आहे. "मोनो" दाबून ठेवलंय. थांबा, स्विच बंद करून तारा पुन्हा होत्या तशा करते, मग परत लावा. झालं. आता टेप काढते, खटका सोडते, बटण मधे. ऐका.

नथ्थू: अरे! सतार इकडं अन् तबला तिकडं! मधात मी बसलो, दोघायच्या मधात!

गौतमी: असाच ऐकवला होता मला. काहीही बिघडलेलं नव्हतं.

आई: म्हणजे त्यायनं जाणून केलं. माह्याकडची पेटी मुद्दाम मुकी केली.

गौतमी: आई, एक मिनिट.

आई: आता काय मिनिट? तुले सांगितलं नाई मी. शेवटच्या रविवारी ते असेच बसून होते इथी. मी म्हटलं, यंदा वडस्याले नाटकाले मलेई न्या. दरसाल एकटेच जाता, नथ्थूभाऊसंगं. रिटायर झाल्यावर न्यान तवा माहे गुडघे राह्यतीन का? मान नाई वळवली, गौतमी. मंग मीई बोलली नाई. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. शुक्रवारी डब्बा हाती देला, तोई न बोलता. दुपारी खाणीतून माणूस आला, छातीत कळ आली म्हणून. दवाखान्यात नेता नेताच गेले.

गौतमी: हे तू इतके दिवस एकटी घेऊन बसलीस?

आई: कोणाले सांगू? माणूस रागात गेला, का मीच त्याले रागात धाडलं, हे कोणाले सांगाचं राह्यते का?

गौतमी: तू तिथेच बसली होतीस? दारात? त्यांच्या उजवीकडे?

आई: अजून कुठी बसू?

गौतमी: मी ह्या खुर्चीवर बसते. आई, हे बघ. मोनो केलं की सतार आणि तबला एकत्र होतात. बॅलन्स डावीकडे नेलं की ते दोन्ही एकाच पेटीत येतात. आणि ती पेटी बाबांनी डाव्या कानाशी ठेवली. सगळं डाव्या कानात. ज्याचे दोन्ही कान चांगले आहेत तो इतका खटाटोप का करील?

आई: काय म्हणतं तू?

गौतमी: काका, तुम्ही मघापासून ती तार गुंडाळताय. गुंडाळून झाली ती.

नथ्थू: मले चहा भेटन का, वयनी?

गौतमी: काका.

नथ्थू: त्यानं शपथ घातली होती, बाई.

आई: कायची शपथ?

नथ्थू: दोन साल झाले, वडस्याच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत. रातच्या नाटकाची तयारी चालू होती. कोण्या पोट्ट्यानं सुतळी बॉम लावला अन् तो फुटला याच्या उजव्या कानाशी. आम्ही सारे हासलो. हाबी हासला. दुसऱ्या दिवशी म्हणते, नथ्थू, ह्या कानात काईच नाई रे. मी ब्रह्मपुरीले डॉक्टरकडं नेलं. तो म्हणे, पडदा तं गेलाच, अंदरची नसबी गेली. तो कान आता वापस येत नाई.

आई: मले काऊन नाई सांगितलं?

नथ्थू: मी म्हटलं सांग. म्हणे, खाणीत समजलं तं मेडिकलले उभं करतीन, जमिनीखालचं काम काढून घेतीन. तीन साल राह्यले आहेत, तेवढे निघू दे.

आई: खाणीत नसतं सांगाचं. मले!

नथ्थू: मी हेच बोललो, वयनी. तं म्हणे, इंदू मायेची आहे. तिले समजलं का ते माह्यासंगं जोरानं बोलन. अन् क्वार्टरच्या भिंती अशा, का एका घरचा कुकर वाजला तं तीन घरच्या बाया गॅस बंद करतेत. दोन दिवसात साऱ्या लाइनीले ठाऊक होईन.

गौतमी: म्हणून तुम्ही आजही बोलला नाहीत.

नथ्थू: मेल्या माणसाची शपथ जास्त जड राह्यते, बाई. अन् मले कुठी ठाऊक, का वयनी त्याले राग समजून बसल्या? त्यानं मले असं कधी सांगितलंच नाई. त्यालेच ठाऊक नसन. ज्याले ऐकू नाई आलं, त्याले काय समजन का कोणी बोललं होतं?

आई: दोन वर्षं मी बहिऱ्या कानात सांगत राह्यली.

गौतमी: आई...

आई: थांब, मले बोलू दे. समोरून बोलली तं जबाब देत. जेवताना देत. सायकलवरून उतरले का हासून देत. मी म्हणो, आता बरे बोलतेत, अन् खुर्चीत बसले का काय होते ह्यायले! साधी गोष्ट, गौतमी. उठून त्या बाजूनं गेली असती तं?

गौतमी: तुला कसं कळणार होतं?

आई: बायकोले कळाले पाह्यजे. अन् त्यायनं सांगाले पाह्यजे होतं. दोघायचंई चुकलं. लिहून ठेव वहीत, तुह्या बाबानं हे नाई लिहिलं.

नथ्थू: वयनी, एक सांगू? नाटकाले आला का तो मांडवात पार उजव्या कोपऱ्यात बसे. मी म्हणो, मधात बस, मी खुर्ची ठेवतो. नाई. तिथून त्याचा डावा कान स्टेजकडं राहे. पूरं नाटक तिथूनच पाहे, सकाळपर्यंत. अन् मधात मधात मले म्हणे, हे इंदूले आवडलं असतं.

आई: मंग आणाचं होतं.

नथ्थू: तेबी बोललो. घाबरत असन, रातभर बाजूले बसाचं, तुमी काई बोलान, याले ऐकू नाई येणार. पकडला जाईन.

(कॅसेटची ती बाजू संपते.)

गौतमी: आई, दुसरी बाजू लावू?

आई: लाव. पण तो खटका दाब. अन् बटण त्यायच्यासारखं कर, डावीकडं.

गौतमी: टेप पुन्हा चिकटवू?

आई: हो. पुसता पुसता हलते ते.

नथ्थू: मंग मटॅडोर, वयनी?

आई: तुमाले चहा करतो, भाऊ. पेट्या राहू द्या. गौतमी, चंद्रपूरले तुह्या खोलीत भिंत आहे का गं, खिडकीजवळ?

गौतमी: आहे. मी लावून देईन. फक्त तो ट्रान्सफॉर्मर विसरायचा नाही.

आई: तू सर जरा. मले बसू दे. खुर्चीत नाई, इकडं, पेटीच्या बाजूनं. हां. इथून बोललं असतं तं पोचलं असतं.

गौतमी: आवाज कमी करू?

आई: नको. भाऊ, वडस्याले नाटकं कधी लागतेत यंदा?

नथ्थू: दिवाळी झाली का मंडईपासून. काऊन?

आई: एक खुर्ची ठेवजा. उजव्या कोपऱ्यातली.