झुडपाआडचा ड्रायव्हर

आबा : "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या... बस." एवढंच म्हणायचा रुपचंद, अन् पत्र्यावर एक थाप मारायचा. माझा कंडक्टर म्हणजे माझ्या पाठीचे डोळे. रिटायर होऊन एवढे दिवस झाले, तरी तो आवाज कानातून जात नाही. आता तुझ्या या गेममधल्या टँकला कंडक्टरच नाही, तर मी मागे घेऊ कसा, सोनल?

सोनल : कारणं नकोत, आबा. तुम्ही परत मेलात.

गेंदा : कितला डाव मरना हाऊ मानूस आज. दुपारना चहा बी नही उना आजून.

सोनल : आई, तुम्ही हसू नका, ते अजून बिघडतात. आबा, पुन्हा सांगते. ही टँक डिस्ट्रॉयर, म्हणजे टँक मारणारी गाडी. तोफ मोठी, पत्रा पातळ. हिचं डोकं फिरत नाही. जिकडे नाक, तिकडे तोफ. बाजूनं कोणी आलं की खेळ संपला. म्हणून आधी झुडूप शोधायचं, मागे सरायला वाट ठेवायची आणि गप्प बसायचं.

आबा : धुळे डेपोचा ड्रायव्हर झुडपात लपला, असं म्हणतील लोक.

सोनल : जिवंत आहे, असंही म्हणतील.

आबा : जिवंत राहिलो तर किल्ली द्यावी लागते.

सोनल : ठरलंच आहे तसं. एक डाव तुम्ही शेवटपर्यंत टिकलात, की अंगणातल्या कारची किल्ली माझी. "मला हे यंत्र चालवायला शिकवशील, तर तुला माझी गाडी देईन", हे तुमचेच शब्द. तुमच्या लेकासमोर, ईश्वरसमोर बोललात.

आबा : बोलून गेलो खरा.

सोनल : सोमवारी मला पिंपळनेरच्या शाळेत शिक्षिका म्हणून हजर व्हायचंय. सकाळची एसटी पोचते तेव्हा प्रार्थना होऊन गेलेली असते. लायसन्स आहे माझ्याकडे. माहेरी यावलला बाबांची पिकअप मीच चालवायचे, केळीचे घड भरून. आणि इथे देवपुरात अंगणातली गाडी गल्लीच्या टोकापर्यंत न्यायची तरी तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर.

आबा : लाव पुढचा डाव. बडबड नको.

सोनल : या वेळी उघड्यावर धावायचं नाही.

आबा : तो बघ, एक समोर उभा आहे. घालतो अंगावर.

सोनल : आबा, थांबा. आबा. गेलात.

आबा : गेलो वाटतं.

गेंदा : सोनल, तू भोयी शे बाई. ज्या मानूसनी कोंडाईबारीना घाटमा, भर धुकामा एसटी मांगे लिई, त्याले आठे मांगे सरता येस नही व्हय? हाऊ मुद्दाम मरी राह्यना.

सोनल : आबा?

आबा : शेंगा दे गं थोड्या. तिखट-मीठ लावलेल्या दे.

सोनल : आबा, इकडे बघा. किल्ली द्यायची नव्हती तर सरळ नाही म्हणायचं होतं. मी एसटीनं गेले असते. पहिल्याच दिवशी उशिरा पोचले असते, मान खाली घालून वर्गात शिरले असते. पण दुपारभर मी घसा फोडून शिकवतेय आणि तुम्ही हरायला बसलाय, हे काही बरं नाही.

आबा : रागावलीस?

सोनल : हो.

गेंदा : रागावाले पाहिजे. मी व्हती ते दोन दिन भाकरी टाकती नही.

सोनल : हा शेवटचा डाव. मी लॅपटॉपवर तुमच्याच बाजूनं खेळते. मनापासून खेळा, नाहीतर उठा.

आबा : तू कोणती गाडी घेतेस?

सोनल : तोफगाडी. सगळ्यात मागे उभी राहायची, डोंगरापलीकडून वरून गोळा टाकायचा. पण एक गोळा टाकला की दुसरा भरायला फार वेळ लागतो. तेवढ्यात कोणी अंगावर आलं तर मी काही करू शकत नाही.

(डाव सुरू होतो. गेंदाबाई शेंगांचं सूप बाजूला सारून पडद्याकडे वळून बसतात.)

आबा : ही बाभळच आहे ना? हिच्या आड घालतो. नाक रस्त्याकडे.

सोनल : फांद्यांना टेकू नका. थोडं मागे राहा, म्हणजे तोफ उडाली तरी दिसणार नाही.

आबा : एक आला. मारू?

सोनल : नको. त्याचं तोंड तुमच्याकडे आहे, समोरचा पत्रा जाड असतो. वळू द्या त्याला.

गेंदा :
बाभूयना आडे गाडी उगीमुगी राहस,
हालना जो पह्यले, तो पह्यले जास.

आबा : ओव्या म्हणू नको, हात हलतो माझा. वळतोय... वळला. घे.

सोनल : लागला. आता तिथून निघा. धूर कुठून आला ते सगळ्यांनी पाहिलंय. मागे, डावीकडच्या भिंतीआड.

आबा : घेतला मागे.

सोनल : कंडक्टरशिवाय?

आबा : मध्ये बोलू नको. दुसरा येतोय त्याच वाटेनं. येऊ दे बेट्याला. बाजू दिली त्यानं... हा पण गेला.

गेंदा : बय, आते देखा याले.

आबा : सोनल, नकाशात तुझ्या मागे लाल ठिपका कसला तो?

सोनल : हलका टँक आहे, पळणारा. मला शोधत आलाय. माझा गोळा अजून भरला नाही. जाऊ द्या आबा, मी मेले तर मेले. तुम्ही जागा सोडू नका, तुम्हाला टिकायचंय.

आबा : जाऊ द्या काय, जाऊ द्या.

सोनल : आबा, उघड्यावर येताय तुम्ही. किल्ली जाईल माझी.

आबा : खड्ड्यात गेली किल्ली. त्याची पाठ दिसली पाहिजे मला. इंजिन मागेच असतं ना याचं? सरक, बाई, सरक त्या दगडाआड. दगड मध्ये ठेव. असं... दिसली पाठ. घे.

सोनल : जळाला.

आबा : तुला लागलं का?

सोनल : नाही. गोळा भरला माझा. तो पुलावरचा शेवटचा आहे, टाकते... पडला. जिंकलो, आबा.

गेंदा : जित्ता शे. सोनलना सासरा जित्ता शे.

सोनल : आबा, तुम्ही टिकलात.

आबा : विसरलो.

सोनल : काय विसरलात?

आबा : मरायचं.

गेंदा : बठ्ठा शेंगा सांडी दिध्यात तुमी हासाडीसन.

सोनल : किल्ली, आबा.

आबा : खिशातच आहे. घे. क्लच जरा वरती उचलतो तिचा. साक्री रोडला पवनचक्कीची लांब पाती नेणारे ट्रक लागतात, त्यांना घाईनं ओव्हरटेक करू नको. आणि परत निघालीस की फोन कर. शाळेतूनच कर, रस्त्यात नको.

सोनल : मला गाडी चालवता येते, आबा. एकदा तरी म्हणा.

आबा : येते. लग्नाआधी तुझ्या घरी आलो होतो, तेव्हाच पाहिलं. पिकअप अशी वळवलीस फाट्यावर, एक घड हलला नाही. ईश्वरच्या कानात म्हणालो होतो, पोरगी पक्की आहे.

सोनल : मग इतके दिवस का अडवलंत मला?

गेंदा : सांगा ना आते तिले.

आबा : मी सगळा जन्म रस्त्यावर होतो. गाडी लेट झाली, की ही दारात उभी असायची. दिवा लावून उभी, जेवण झाकून उभी. मी यायचो, चप्पल काढायचो, पाणी मागायचो. ती कशी उभी राहिली असेल, कधी विचारलं नाही. आता सोमवारपासून तू रस्त्यावर, अन् दारात मी. गाडीची भीती नाही गं मला, सोनल. मला दारात उभं राहता येत नाही.