दाराआडचा पेला

(कोरेगावजवळचं गाव, १९९८. दिवेलागणीची वेळ. माजघराचं दार अर्धं लोटलेलं. आत रिटायर सुभेदार हंबीरराव आणि रंगूबाई. बाहेर सोप्यात त्यांचा अमेरिकेहून आलेला एकुलता ल्योक, राजवर्धन.)

रंगूबाई : हळू बोला की! बाहीर ऐकू जातंय. आवं, एकच शबूद मागतीया तुमच्याकडं. "बेकार हाय" म्हणा आन् मोकळं व्हा.

हंबीरराव : आगं, पण बाटलीचं बूच तरी निगू दे.

रंगूबाई : निगू द्या न्हाईतर ऱ्हाऊ द्या. सकाळी चुलीम्होरं बसून मला काय म्हणला, ठावं हाय न्हवं? "आबांनी माज्या हातची दारू नावाजली तर तिकडंच कायमचा ऱ्हातो. न्हाई आवडली तर धंदाच सोडतो आन् सांगलीकडच्या साखर कारखान्यात लागतो." तितल्या चेरमनसायबांनी सोमवारपतूर निरोप मागितलाय. तुमच्या एका शब्दावर पोरगं घरला येतंय!

हंबीरराव : फौजेत जलम काढला. खोटा रिपोर्ट कवा दिला न्हाई.

रंगूबाई : आगं बया! आन् गावात सांगत फिरता, पोरगं औषधाच्या कंपनीत हाय म्हणून, त्यो कसला रिपोर्ट?

राजवर्धन : आबा, ओतली का?

हंबीरराव : ओततोय, ओततोय. तू बाहीरच थांब.

राजवर्धन : बाहेरच आहे. माझाही पेला भरलाय. येऊ का आत? समोरासमोर बसून चाखू.

हंबीरराव : खुळा का काय? बापाम्होरं पेला धरायची रीत न्हाई आपल्यात.

राजवर्धन : अहो, चौतीस वर्षांचा झालो मी.

हंबीरराव : साठाचा झालास तरी मी बापच हाय. माझा बाप मरंपतूर त्याच्याम्होरं म्या तंबाखू मळली न्हाई. दाराआडनं बोल. कान शाबूत हायेत माजं.

राजवर्धन : बरं. आधी नुसता वास घ्या. मग थेंबभर पाणी टाका, आणि थोडी जिभेवर धरून…

हंबीरराव : हं. झाली.

राजवर्धन : झाली म्हणजे?

रंगूबाई : एका दमात पेला उपडा केला त्यांनी.

राजवर्धन : आबा! कँटीनची रम आहे का ती? परत ओता. आता घोट घोट घ्या.

हंबीरराव : बग, पोराचीच ऑर्डर हाय. माजा इलाज न्हाई.

राजवर्धन : वास कशाचा येतोय?

हंबीरराव : थांब जरा… आरं तिच्या! धूर हाय की रं ह्यात. आपल्या गुऱ्हाळाच्या चुलवाणाला सांजंचा यायचा, तसला.

राजवर्धन : आला ना ध्यानात? जव भिजवायचे, मटकीसारखे मोड आणायचे. मग दलदलीतली, पालापाचोळा कुजून झालेली माती वाळवून जाळायची आणि तिच्या धुरावर ते सुकवायचे. स्कॉटलंडात पिढ्यान्‌पिढ्या करतात. अमेरिकेत मात्र आमच्यासारखे थोडेच. आम्ही चौघं जण आणि एक तांब्याची भट्टी, बास.

रंगूबाई : म्हंजी हातभट्टीच की रं! एवढं शिकून सातासमुद्रापल्याड हातभट्टी लावलीस व्हय?

राजवर्धन : हातभट्टीच, आई. परवान्याची. मालक गोरा आहे, पण धुराजवळ मलाच बसवतो. म्हणतो, तुला आग कळते. म्हटलं, आमच्या घरच्या चुलवाणाशी बसून शिकलोय.

हंबीरराव : ते गुऱ्हाळ म्याच मोडलं. ऊस कारखान्याला घातला. म्हणलं, धुरात पोराचं डोळं जातील, शिकू दे, लांब जाऊ दे. आन् गेला की लांब.

रंगूबाई : आता ते उगाळू नका. म्हणा पटकन. आवं… आन् ह्यो तिसरा कशाला ओताय लागलाय?

हंबीरराव : गप गं. हळू बोलतो, ऐक. लय झ्याक हाय. घशाखाली गेली तरी तोंडात दरवळ ऱ्हातोय. असं कायतरी हे पोरगं करत असंल, मला वाटलंच नव्हतं. सात वर्सांत एकदा इचारलं सुदीक न्हाई म्या.

रंगूबाई : मला नगा सांगू. दर ऐतवारी मानसिंगाच्या दुकानात फोनची वाट बगत मी बसती. दोन मिंटं बोलतोय, त्यातलं अर्दं "हॅलो, हॅलो" करण्यात जातंय. तुमाला माजी शपत हाय.

राजवर्धन : आबा? कशी आहे?

हंबीरराव : बेकार.

राजवर्धन : काय?

हंबीरराव : बेकार हाय म्हणलं. जळकट लागती. न्हाई जमली.

राजवर्धन : धूर जास्त झाला का?

हंबीरराव : व्हय. धूरच.

राजवर्धन : तो धूर मीच दिला होता. चार वर्षं मुरवली, आबा. पिंप फोडल्यावर पहिली बाटली तुमच्यासाठी बाजूला काढली.

हंबीरराव : आसू दे. चुकतंय माणूस.

राजवर्धन : बरं. मग सोमवारी सांगलीला जातो. येतो म्हणून सांगतो त्यांना.

हंबीरराव : घे गं. झालं तुज्या मनासारखं. आता डोळ्याला पदर कशाला?

रंगूबाई : कसा बोलला ओ त्यो! ऐकलं न्हाई तुमी? ल्हानपणी ताप चढला की असाच बोलायचा.

हंबीरराव : व्हईल सवय. चार दिवस लागतील.

रंगूबाई : आन् जलमभर असाच बोलला तर? माज्या चुलीम्होरं बसून, माज्या हातची भाकरी खाऊन? न्हाई, न्हाई. राजू! आरं राजू, आबा खोटं बोलत्यात! तिसरा पेला हाय त्यांचा. झ्याक हाय म्हणलं मला, लय झ्याक. म्याच गळ घातली व्हती, बेकार म्हणा म्हणून.

राजवर्धन : आबा, खरं?

हंबीरराव : व्हय रं गड्या. सायेब लोकांच्या मेसमदी भारीतली भारी चाखली, पर हिची सर न्हाई. तू जा. तुजं काम तिकडं हाय.

राजवर्धन : आई, मग असं का केलंस गं? तुला काय पाहिजे होतं?

रंगूबाई : मला व्हय? मला तू पायजे व्हतास, बाबा.