मानसीची होडी पालथी झाली तेव्हा

तुम्ही हसाल, पण कनू पोलो म्हणजे होडीत बसून चेंडू गोलमध्ये टाकायचा, एवढंच लेकीने मला सांगितलं होतं. जिल्ह्याच्या संघाची निवड होती, म्हणून मी ठाकुर्लीहून ठाण्याच्या तलावावर गेले. मानसीने चेंडू झेलला मात्र, शेजारच्या होडीतल्या उंच मुलीने तिचा खांदा धरून तिला सरळ ढकललं. होडी पालथी आणि माझी मुलगी पाण्याखाली. मी ताडकन उभी राहिले.

बाजूची बाई शांतपणे म्हणाली, "अहो, बसा. जिच्याकडे चेंडू असतो तिला ढकलतात, नियमच आहे तसा. ढकलणारी माझी मुलगी."

"तुमची?" म्हणत मी काठावर ठेवलेली, बुडणाऱ्याला टाकायची रिंग उचलून फेकली. ती नेमकी त्या उंच मुलीच्या हेल्मेटवर आदळली. निवड करणाऱ्या सरांनी शिट्टी वाजवली. तोवर मानसी आपली आपण सरळ होऊन तोंड पुसत माझ्याकडे बघत होती.

"आई, उलटल्यावर स्वतः सरळ होता येतं का, हेच सर आज बघणार होते."

"मग बघितलं ना त्यांनी?"

सर काठाजवळ आले. "नाही हो ताई. आम्ही सगळे तुमच्याकडे बघत होतो. मानसी, पुन्हा उलट."