कुंडाचं पाणी आणि कडेचं खाचर

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण भिवंडीच्या या सभागृहात जमलो त्या कृषी सहायक आबिदा मॅडम, त्यांचे यजमान मुख्तारभाई, आणि शेलारपासून गणेशपुरीपर्यंतच्या गावांतून आलेल्या शेतकरी बंधूभगिनींनो, आपणा सर्वांना केसरीनाथचा नमस्कार.

मॅडमच्या सेवेबद्दल माझ्याआधी पुष्कळ चांगलं बोललं गेलं. मला पाच मिनिटं आहेत. अध्यक्षांनी घड्याळ काढून समोर ठेवलंय, तेही मला दिसतंय. म्हणून एकच गोष्ट सांगतो.

सहा वर्षांपूर्वी मॅडम आमच्या बांधावर पांढऱ्या भुकटीच्या दोन पुड्या घेऊन आल्या. म्हणाल्या, यात जिवाणू आहेत, पाण्यात कालवा आणि लावणीआधी भाताच्या रोपांची मुळं त्यात बुडवा. आमचा शेजारी लडकू म्हणाला, "मॅडम, आम्ही पैशे देऊन किडे मारतो, तुम्ही फुकट आणून देता?"

मॅडम हसल्या. "लडकूभाऊ, सगळेच शेजारी भांडखोर असतात का? हे मुळाशी वस्तीला राहतात आणि काही द्रव्यं सोडतात. काहींनी मुळं वाढतात, काहींनी रोप आधीच सावध होतं. करप्याचा रोग दारात येईपर्यंत घर जागं झालेलं असतं." जाताना मला बजावलं, "दादा, पुडी सावलीत ठेवा. गरम होऊ देऊ नका."

हे मी ऐकलं होतं. तरी काय केलं? एक पुडी घेऊन गणेशपुरीच्या गरम कुंडावर गेलो. माझे गुडघे त्या पाण्यानं हलके होतात, मग रोपांचं का भलं होणार नाही? हात जोडले, वाफाळत्या पाण्यात भुकटी कालवली आणि कॅन घरी आणला. निवल्यावर रोपांच्या मुठी त्यात बुडवल्या. पाणी संपलं, तेव्हा कमळानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, दुसरी पुडी विहिरीच्या पाण्यात कालवून उरलेल्या मुठी बुडवल्या. त्या कडेच्या खाचरात लागल्या.

भादव्यात करपा आला. सगळं शेत तांबडं पडलं. कडेचं खाचर तेवढं हिरवं उभं राहिलं.

मॅडम पाहायला आल्या. "पाणी कुठलं वापरलंत, दादा?"

"विहिरीचं," मी म्हणालो.

खोटं का बोललो? देवाच्या पाण्याला बोल लागेल असं वाटलं, आणि तोही मॅडमच्या तोंडून. पाण्याला कसला बोल? ते गरम आहे, एवढंच. कुंडाला गुडघेही कळत नाहीत, जिवाणूही कळत नाहीत. कळायला हवं होतं मला. मी मॅडमना दुसऱ्या बांधानं फिरवून परत नेलं. ते खाचर त्यांच्या नजरेस पडू दिलं नाही. चार दिवसांनी विळा घेऊन तेच आधी कापायला बसलो. कमळा म्हणाली, "आवो, दाणा अजून भरला न्हाय." मी विळा चालवत राहिलो.

पुढच्या वर्षी अंबाडी गावच्या सभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "पुडीनं काही होत नाही, माझं शेत बघा." लोकांनी माझा शब्द धरला. पुड्या वाटणं आमच्या भागात बंद झालं. खात्यानं मॅडमना बांधावरून उचलून टेबलावर बसवलं. शेवटची पाच वर्षं त्यांनी कागद लावण्यात घालवली. बांधावर चालणाऱ्या बाईला मी खुर्चीत बसवलं.

रोज देवापुढे बसतो तेव्हा हे सांगतो. पण देवाला सांगून काय उपयोग? त्याला ते खाचर आधीच दिसलं होतं. दिसलं नव्हतं ते मॅडमना आणि तुम्हाला. मंडळी, पुडी खरी होती. मॅडमही खऱ्या होत्या. या पावसाळ्यात मी पुडी विहिरीच्या पाण्यात कालवून मुळं बुडवणार आहे. ज्याला पाहायचं असेल त्यानं यावं, कुठल्याही बांधानं.

अध्यक्षांनी वेळ दिला, आयोजकांनी बोलावलं, आपण शांतपणे ऐकलंत, सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही चुकलं असेल तर सभेनं पोटात घालावं. बोलण्याआधी जे चुकलं, त्याची क्षमा सभेनं करू नये. ती द्यायची की नाही, हे मॅडमनी ठरवावं.