कल

महूहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर आई आणि तिचा कॉलेजातला मुलगा. मी ऐकत होतो. लाज वगैरे काही वाटली नाही.

"प्रशिक, प्रोजेक्ट दिलास का विचारलं, तर तू म्हणालास, कल. मी समजले, काल दिला."

"मी झूठ नाही बोललो, मम्मी."

"नाही बोललास. हिंदीत कालही कल आणि उद्याही कल, बरोब्बर तिथेच लपलास. आता मराठीत सांग."

"उद्या करणार होतो."

"शेवटची तारीख?"

"आज. शामपर्यंत मेल नाही केला तर परीक्षेला बसू देणार नाहीत."

"लिहिलंस किती?"

"टायटल."

"डोकं तर आहे तुला. मग?"

"खराब लिहिलं तर सर क्लाससमोर वाचून हसतात."

"हसायलाही त्यांना काही पाहिजे ना? खराबच लिही. काढ मोबाइल."

"बसमध्ये? मामाच्या घरी जाऊन पक्का करतो."

"पहिली ओळ बोल."

"मानपूरच्या ढाब्यांवर पाणी टँकरने येतं."

"टाइप कर. पुढे?"

"पुढे... रुक, सांगतो."

बराच वेळ नुसती टकटक.

"मम्मी, आपला स्टॉप गेला. मामा जेवायला थांबले असतील."

"थांबू दे. तू लिही."