सुंदरेशरावांचा पुदिना

…आणि वर मलाच विचारतात, "जयश्री, माझं चुकलं तरी कुठं?" आता काय सांगू, कपाळ! तुम्ही आपली माणसं म्हणून तुम्हाला सांगते, पण गोष्ट या ओसरीबाहेर जाता कामा नये हं, कारण या गोष्टीत गांजा आहे! हो हो, गांजाच! आमच्या घरात, इथं कुंभकोणात, ज्या गच्चीवर मी सांडगे वाळत घालते त्याच गच्चीवर!

आणि लावला कुणी? आमच्या ह्यांनी! सुंदरेशरावांनी! नगरपालिकेच्या पाणीखात्यात बत्तीस वर्षं पंपावर काढलेला माणूस, साडेपाचाचं पाणी साडेपाचालाच सोडणारा, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसताना लाल दिवा दिसला की स्कूटरवरून पाय टेकून निमूट उभा राहणारा… तो माणूस! मनात पाप नव्हतं हो, बहिणीची माया होती. पण ज्या बहिणीसाठी केलं तिला एकदा तरी विचारायचं ना!

बहीण म्हणजे आमच्या वन्सं, भुवनेश्वरी. पट्टीश्वरमला एकट्याच राहायच्या, यजमान जाऊन झाली बारा वर्षं. मुलींच्या शाळेत गाणं शिकवलं त्यांनी आयुष्यभर. मग संधिवातानं धरलं. बोटं अशी वाकडी झाली की कापीचा, कॉफीचा हो, पेला धरवेना. गोळ्या घेतल्या तर पोट जळायचं, नाही घेतल्या तर रात्रभर कण्हणं. दिवाळी झाली आणि हेच जाऊन त्यांना आपल्याकडे घेऊन आले. आणि पहिले पंधरा दिवस काय मजेचे गेले म्हणून सांगू! संध्याकाळ झाली की बहीणभाऊ ओट्यावर. हे पेला धरायचे, त्या प्यायच्या, आणि मग सगळं गणगोत निघायचं. कोण कुणाच्या लग्नात रुसलं, कुठल्या मामांनी जिलब्यांचं ताट लपवलं… हसून हसून वन्संच्या डोळ्यांत पाणी! मी आतून ओरडायची, "अहो, दुखणं कुणाला आहे, ठाऊक तरी आहे का?"

आणि मग ह्यांनी फोनवर तो व्हिडिओ पाहिला.

कुणी एक दाढीवाला. म्हणे त्या झाडाचं तेल सांध्यांना चोळलं की दुखणं पळतं, आणि म्हणे झाड घरीच वाढवा, मातीसुद्धा लागत नाही, नुसत्या पाण्यावर वाढतं. आता "पाणी" आणि "पाइप" हे दोन शब्द एका वाक्यात आले की आमच्या ह्यांचं भान सुटतं! डॉक्टरांना विचारायचं ना! मला विचारायचं! छे. दुसऱ्याच दिवशी स्वामीमलैला मुरुगनाच्या दर्शनाला म्हणून गेले आणि विभूतीच्या पुडीसारखी एक पुडी घेऊन आले. कुणी दिली ते आजतागायत सांगितलेलं नाही. मी पुडी उचलून कपाळाला लावायला गेले तर हातातून हिसकावली! "बी आहे ते." "कसलं?" "पुदिन्याचं."

झालं! गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत पुदिन्याचा संसार सुरू. पांढरे पाइप आले, त्यांना भोकं पडली, माशांच्या टाकीतली मोटर आली, माझ्या इडलीच्या चाळण्या गेल्या त्या गेल्याच! दिवसभर वर घुर्र घुर्र. आणि संध्याकाळी वन्सं ओट्यावर बसून हाक मारायच्या, "सुंदर, येतोस का रे? कापी झाली." आणि वरून आवाज, "अक्का, पाणी बघून येतो!"

पाणी बघून येतो… आणि यायचे कधी? वन्संचं जेवण होऊन त्या अंथरुणाला टेकल्यावर. पेला मग मी धरायची. पण मला कुठं ते जिलबीवाले मामा ठाऊक?

मला कळलं तीन महिन्यांनी. कपडे काढायला वर गेले तर खोलीत माझ्या उंचीची झाडं! मी म्हटलं, "हा पुदिना?" तर ह्यांनी दार लावलं, घाम पुसला आणि सगळं ओकून टाकलं. मी म्हटलं, "अहो, धरून नेतील! म्हातारपणी तुरुंगात बसाल!" तर म्हणतात, "अक्काच्या बोटांसाठी आहे गं. थोडे दिवस." आणि असं बघितलं माझ्याकडे, की मी गप्प बसले. माझंही चुकलंच. खाली उतरून वन्संना सांगता आलं असतं.

पुढं वास सुटला. कसला वास! उन्हात विसरलेल्या मोज्यांवर कुणी जंगल कुटून टाकलंय असा! तो झाकायला ह्यांनी सांब्राणीचा धूप जाळायला सुरुवात केली, सकाळ-दुपार-संध्याकाळ, बादलीभर धूर! गल्लीत बोभाटा की सुंदरेशरावांना भक्ती लागली. एकादशीला विठ्ठलाचं भजन करणारी आमची इथली मराठी मंडळी दारात हजर, "राव, या खेपेचं भजन तुमच्या गच्चीवर!" ह्यांचा चेहरा विभूतीसारखा पांढरा! आणि शेजारी कोण? चंद्रमौली! पोलिसातून रिटायर झालेले हवालदार! रोज भिंतीवरून मान वर करून विचारणार, "सार, पुदिना कसा आहे? आमच्या घरी तर वीतभर होतो, तुमचा पत्र्याला लागला वाटतं?" हे म्हणणार, "उत्तरेकडची जात आहे." "ओहो, उत्तरेकडची!" म्हणत ते दीर्घ श्वास घेणार, आणि इकडे माझा श्वास बंद!

आणि खाली? खाली वन्सं हाक मारायच्या थांबल्या. मला वाटलं, सवय झाली असेल. माणसाला विचारायचं ना हो! दोन पावलांवर बसलेलं माणूस, आणि आम्ही दोघं वरच्या झाडांची चिंता करतोय!

मग आला वैशाखातला तो मंगळवार. पंपावर बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाचा जोड सुटला! भर दुपारी पाइप निसटला आणि खत मिसळलेलं पाणी गच्चीच्या भेगेतून थेट वन्संच्या पलंगावर. मी बाजारात, हे खोलीत दार लोटून, मोटरच्या आवाजात हाका ऐकायला येईनात. वन्सं उठल्या. बावीस पायऱ्या, ज्यांना न्हाणीघरापर्यंत जायला भिंत धरावी लागते त्या वन्सं बावीस पायऱ्या चढून गेल्या आणि दार ढकललं.

मी पिशवी घेऊन पोचले तेव्हा त्या उलट्या घातलेल्या बादलीवर बसल्या होत्या, आणि हे समोर उभे, शाळेत पकडल्यासारखे.

"हा गांजा आहे ना रे, सुंदर?"

"अक्का, तुझ्यासाठी. तेल काढून…"

"मला विचारलंस?"

ह्यांनी वाकून मोटर बंद केली.

"शाळेतल्या पोरींना याच्यापासून लांब राहा म्हणून सांगत आले मी. माझ्या नावानं तू हे लावलंस, उद्या पोलीस आले असते तर जयू कुणाच्या तोंडाकडे बघणार होती?" आणि मग आवाज उतरला त्यांचा. "सहा महिने झाले. तू माझ्याजवळ बसत नाहीस. मला वाटलं, माझ्या कण्हण्याचा कंटाळा आला तुला. मी नित्याला फोन केलाय. शुक्रवारी गाडी घेऊन येते आहे."

नित्या म्हणजे त्यांच्या दिरांची मुलगी, कोइमतूरला असते. ह्यांनी हात जोडले, पायाशी बसले, रडले. वन्संनी वाकड्या बोटांनी ह्यांच्या केसांवरून हात फिरवला, पण म्हणाल्या, "आता ती सुट्टी घेऊन निघतेय रे. तिला नको म्हणू?"

त्याच दुपारी सगळी झाडं उपटली, शेणात कालवून विहिरीमागं पुरली. दुसऱ्या दिवशी भिंतीवरून चंद्रमौलींची मान! "सार, पुदिना काढलात? बरं केलंत. मी रोज म्हणत होतो, आज काढतील, उद्या काढतील… मलाच बोलावं लागलं असतं, फार जिवावर आलं असतं हो!" म्हणजे बघा! अख्ख्या जगाला ठाऊक, एक वन्सं सोडून!

शुक्रवारी वन्सं गेल्या. गाडी वळेपर्यंत हे रस्त्यात उभे. त्या दिवशी संध्याकाळी कापी दोघांची केली आणि ह्यांचा पेला ओट्यावर तसाच निवला.

आणि परवा फोन. नित्यानं त्यांना कुठल्याशा दवाखान्यात नेलं, तिथं कोमट मेणात हात बुडवतात, मग व्यायाम करवतात. दुखणं गेलं नाही म्हणाल्या, पण पेला धरता येतो! आपल्या हातानं! आणि ऐका, तसलं मेण इथंही मिळतं, महामहम तळ्यापलीकडं, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं! बाहेर पाटी आहे, हे तिथं स्कूटर लावतात!

ह्यांनी फोन घेतला. कितीतरी वेळ नुसतं "अक्का… अक्का…" शेवटी विचारलं, "अक्का, येऊ का गं मी चार दिवस?" हो, विचारलं एकदाचं! मी पदर तोंडाला लावून ऐकतेय. तिकडून वन्सं काय म्हणाल्या?

"ये रे बाबा. चार काय, महिनाभर ये, बसून बोलू. पण हात हलवत ये!"

आता तुम्हीच सांगा, याहून सोपं काय मागेल एखादी बहीण? गाडीचं तिकीट काढून झालं, बॅग भरून झाली, आणि हा माणूस काल संध्याकाळपासून खुर्चीत बसून मला विचारतोय, "जयश्री… हात हलवत जायचं म्हणजे, नेमकं न्यायचं काय?"